मोकळ्या तारखा

उद्यमबागेतलं माझं मशीन दुसऱ्याला दिलं त्या वर्षी
मी घर फोनमध्ये घातलं.
पुढच्या दोन खोल्या, ओसरी,
फणसाखाली दोन प्लास्टिकच्या खुर्च्या.
'नदी दिसते' असं लिहिलं लुमाण्णाच्या पोरानं.
दिसते, खोटं नाही.
टाकीवर चढलं आणि फाल्गुनात पानं झडली असली तर
मलप्रभेचा चमचाभर उजेड.

तालुका खानापूर, जांबोटीपासून नऊ किलोमीटर.
नकाशातला ठिपका मात्र घाट उतरून
गोव्यातच जाऊन बसायचा.
तीनदा सरकवला तेव्हा परसात आला.
फाट्यावरच्या पाटीवर वर कन्नड, खाली मराठी.
पाहुणे दोन्ही वाचत नाहीत,
फोनमधली बाई सांगते तिकडं वळतात.

बेंगळुरूची गाडी असली तर बन्नी, बन्नी.
पुण्याची असली तर या की.
गोव्याच्या माणसांना काजूच्या हंगामात शिकलो तेवढी कोकणी.
ते पुढं, आम्ही चौघं मागच्या सोप्यात,
तांदळाची पोती, फुटका पंखा
आणि आई.
आई खोकला पदरात दाबते.
एकानं लिहिलं होतं, 'शांतता कमी', आणि चारच तारे.
पाचवा कुठं गेला म्हणून आई आठवडाभर विचारत होती,
जशी मोजून ठेवलेली वाटी हरवावी.

धबधब्यांच्या दिवसांत चौदा शनिवार सलग भरले.
रात्रीचे अठराशे,
त्यातला आपला घास कंपनी आधीच काढून घेते.
एक पोरगा रेंजसाठी टाकीवर चढला.
उतरल्यावर विचारलं, नदी दिसली काय?
म्हणाला, कुठली?

हिरवी तारीख मोकळी,
राखाडी गेलेली.
वैजूचा फोन आला, "यात्रेला येऊ काय रे?"
मी बोटानं महिना सरकवला. राखाडी.
"पुढच्या आठवड्यात ये की."
दिवाळीत तेच.
मेमध्ये पोरांना सुट्टी लागली तेव्हाही तेच.
"असू दे की, मागं झोपतो आम्ही," म्हणाली.
मी म्हटलं, दाजी बँकेत साहेब, त्यांना पोत्यांवर कसं झोपवू.
दाजी येणार असं ती म्हणालीच नव्हती.

मार्गशीर्षात एक बुकिंग पडलं.
दोन रात्री. मोठं माणूस एक, मुलं दोन.
नाव इंग्रजी अक्षरांत, सासरच्या आडनावानं.
मी नीट वाचलंही नाही,
नेहमीचं उत्तर आपोआप गेलं:
आमच्या घरी आपलं स्वागत आहे,
दुपारी एकच्या आत येऊ नये.

ती दीडला आली.
सांगलीहून बेळगाव, तिथून जांबोटीची एसटी,
पुढं कुणाच्या तरी टेम्पोतून.
हातात कुंद्याचा डबा.
बाकीचे विचारतात, चपला कुठं काढू?
तिनं विचारलं नाही.

"तू कशी गं आज?" आई.
"पैसे भरून आलेय," म्हणाली ती, हसत.
आई हसली नाही.
पोरं तोवर फणसावर चढली होती.

त्या रात्री दोन वर्षांनी आई पुढच्या खोलीत झोपली,
स्प्रिंगच्या गादीवर,
आणि मोकळ्या गळ्यानं खोकली.
सोप्यात मी जागाच होतो.

बुकिंग रद्द करायला गेलो तर
यजमानाला दंड पडेल असं आलं.
म्हणून छत्तीसशे रोख भाचीच्या हातात दिले.
सोमवारी चादरी काढताना
उशीखाली सापडले, घडी तशीच.

रात्री फोन वाजला. पाच तारे.
खाली एकच ओळ:
नदी दिसते.
आईला अजून वाचून दाखवलेली नाही.

यात्रेचा शनिवार हिरवा आहे.
त्यावर बोट ठेवून बसलोय.
हुबळीहून कुणीतरी विचारतंय,
सहा जण, जेवणासकट.